दोरात अडकलेल्या देवमाशाला सोडवताना त्यालाच आणखी बोये का बांधतात?

लाटवेडी

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारते. मासेमारीच्या दोरात अडकलेल्या देवमाशांना सोडवतानाचे व्हिडिओ मी अधूनमधून बघते. त्यात दोन प्रकार दिसतात. एकात कोणीतरी सुरी घेऊन सरळ पाण्यात उडी मारतं, सपासप दोर कापतं, मासा मोकळा, आणि खाली कमेंटमध्ये टाळ्याच टाळ्या. दुसऱ्यात ट्रेनिंग घेतलेली टीम असते, हेल्मेट, लाइफजॅकेट सगळं घालून, आणि ती माणसं तासन्‌तास नुसती मागे मागे फिरतात, वर त्या बिचाऱ्याच्या अंगावरच्या दोराला आणखी मोठमोठे बोये बांधतात. आधीच तो दमलेला, त्याला अजून ओझं कशाला? हत्तीला किंवा वाघाला देतात तसं इंजेक्शन देऊन बेशुद्ध करून का नाही कापत? आणि एवढं सगळं करून खरंच काही फरक पडतो का, का एक सोडवेपर्यंत दुसरीकडे आणखी चार अडकलेले असतात? कोणाला नीट माहिती असेल तर सविस्तर लिहा प्लीज, मला हे मनापासून समजून घ्यायचंय.

दर्यावर्दी

मी मर्चंट नेव्हीत डेकवर आहे, सोडवणाऱ्या टीममध्ये नाही, म्हणून जेवढं डोळ्यांनी बघितलंय तेवढंच सांगतो. एकदा ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, वॉचला असताना दुर्बिणीतून एक केशरी बोया दिसला, कोणाचा तरी सुटून वाहत आला असेल असं वाटलं पण तो प्रवाहाच्या उलट चालला होता. मग त्याच्या बऱ्याच पुढे फवारा उडाला तेव्हा कळलं की हंपबॅक जातीचा देवमासा आहे. तो श्वासाला वर आला की बोया थांबायचा, तो खाली गेला की बोया पण पाण्याखाली ओढला जायचा आणि बराच वेळ गेल्यावर टप्पकन वर यायचा. हे असं चाललेलं बघत राहणं फार वाईट असतं हो.

रेडिओवर किनाऱ्याला कळवलं तर तिकडून पहिलीच सूचना आली, कोणी काही कापू नका. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की निदान बोट उतरवून तो बोया तरी तोडू या, तेवढंच वजन कमी. पण तोच तर घोळ आहे. मागे लोंबणारा दोर आणि बोया म्हणजे टीमसाठी धरायला एकमेव जागा असते. तो कापला की मासा दिसायला मोकळा दिसतो, पण तोंडात किंवा शेपटीच्या मुळाशी बसलेले वेढे तसेच राहतात, आणि आता त्याला धरायचं कशाला? पुन्हा सापडेल याचीसुद्धा खात्री नाही. व्हिडिओत टाळ्या मिळवणारे लोक बऱ्याचदा नेमकं हेच करतात.

शुभदा_म

लाटवेडीताई, प्रश्न फार छान विचारलात. मी सागरी जीवशास्त्राची, हा माझा जवळचा विषय, त्यामुळे जरा लांब लिहीन.

बोये बांधण्याची पद्धत मुळात देवमाशांच्या शिकाऱ्यांची आहे. जुन्या काळी हार्पून मारला की त्याच्या दोराला लाकडी पिंपं जोडायचे, म्हणजे मासा खोल जाऊ शकत नाही, ओढून ओढून दमतो आणि मग भाला मारता येतो. १९८४ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनच्या सेंटर फॉर कोस्टल स्टडीज या संस्थेतले चार्ल्स मेयो आणि डेव्हिड मॅटिला यांनी हीच युक्ती उलटी वापरली, मारायला नाही तर वाचवायला. आयबिस नावाची हंपबॅक मादी जाळ्यात अडकलेली होती, तिला तरंगते बोये जोडून थकवलं आणि मग जवळ जाऊन जाळं कापलं. आज जगभर जे शिकवतात ते याच्यावरच उभं आहे.

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते. आधी लोंबणाऱ्या दोरात आकडा फेकून एक कामाचा दोर जोडतात आणि त्याला मोठे फुगवलेले बोये लावतात. त्याने मासा पृष्ठभागाजवळ राहतो, वेग कमी होतो आणि पुढे कुठे वर येणार ते कळतं. मग छोट्या रबरी बोटीतले लोक इंजिन बंद किंवा वर उचलून तो दोर हाताने ओढत ओढत माशाच्या मागून पुढे सरकतात. दर वेळी सगळा अंदाज श्वासावर, तो वर आला की दोन हात पुढे, शेपूट उचलली की लगेच दोर सोडून मागे. सुरी लांब काठीच्या टोकाला असते, आकड्यासारखी वळलेली, धार फक्त आतल्या बाजूला, म्हणजे दोर त्या वळणात अडकतो आणि कापला जातो, बाहेरची बाजू बोथट असल्यामुळे कातडीला लागत नाही. एक सुरी तर अशी असते की दोरात बसली की काठीपासून सुटते आणि तिला बांधलेल्या दोरीने लांबून ओढून कापता येतं. हेल्मेटवर कॅमेरा असतो, तो शोसाठी नाही, परत आल्यावर वेढे नक्की कसे आहेत ते शांतपणे बघून पुढचा प्लॅन करायला. हल्ली ड्रोनमुळे हे काम खूप सोपं झालंय. आणि अंधार पडायला लागला किंवा हवामान बिघडलं तर दोराला सॅटेलाइटचा बोया लावून सोडून देतात, नंतर त्याचा माग काढत परत जातात. त्यामुळे तुम्हाला जे नुसतं मागे फिरणं वाटतं त्यातला बराच वेळ कुठला दोर आधी कापायचा हे ठरवण्यात जातो, कारण चुकीचा कापला तर उरलेला वेढा आणखी आवळतो.

बेशुद्धीचं म्हणाल तर ते शक्यच नाही. देवमाशाचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही, वर येऊन जाणीवपूर्वक घ्यावा लागतो, पूर्ण बेशुद्ध केलं तर तो बुडून मरेल. हलकं गुंगीचं औषध मात्र वापरलंय. २००९ साली अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर एका राइट व्हेलला, ही देवमाशाचीच एक जात, समुद्रात पहिल्यांदा असं औषध दिलं, त्याने तो बोटीला थोडा जवळ येऊ देतो इतकंच. नेहमीची गोष्ट नाही ती.

आणि पाण्यात उडी मारण्याबद्दल एकदाच स्पष्ट लिहिते. २००३ मध्ये न्यूझीलंडमध्ये कायकोउराजवळ टॉम स्मिथ नावाचा माणूस हंपबॅकला सोडवायला पाण्यात उतरला होता, शेपटीच्या तडाख्यात गेला. १० जुलै २०१७ ला कॅनडात जो हाउलेट, जो स्वतः शेवंड पकडणारा मच्छीमार होता आणि त्याने आधी कितीतरी देवमासे सोडवलेले होते, त्याने एका राइट व्हेलचा शेवटचा दोर कापला आणि त्याच क्षणी शेपूट बोटीवर आली. तो तर पाण्यात नव्हता, बोटीत होता, अनुभवी होता. तरीही गेला. त्यानंतर कॅनडाने राइट व्हेल सोडवणं काही काळ थांबवलं आणि नवे नियम करून मगच परत सुरू केलं. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग म्हणजे आयडब्ल्यूसी ट्रेनिंग देतं तिथे पहिला नियम हाच, माणूस पाण्यात उतरणार नाही. त्या प्राण्याला तुम्ही मदत करताय हे कळत नसतं हो, त्याच्या दृष्टीने तुम्ही अजून एक त्रास देणारे.

मंदार_क

एक बाळबोध शंका. चाळीस टनांचा प्राणी, त्याला एक दोर तोडता येत नाही?

शुभदा_म

बाळबोध अजिबात नाही. बऱ्याचदा तोडतो सुद्धा, म्हणून तर अंगावर नुसते व्रण असलेले इतके दिसतात. उत्तर अटलांटिकच्या राइट व्हेल आता चारशेपेक्षा कमी उरल्यात, आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त जणींच्या अंगावर निदान एकदा तरी अडकल्याच्या खुणा आहेत. काहींच्या अंगावर तर अनेकदा.

पण १९९० च्या दशकापासून दोर जास्त मजबूत यायला लागले, मच्छीमाराच्या दृष्टीने ते बरोबरच, पण देवमाशाला आधी जो तुटायचा तो आता तुटत नाही. शिवाय राइट व्हेल तोंड उघडं ठेवून पोहत खाते, दोर तोंडात शिरतो, बलीनच्या झालरीत, म्हणजे दातांऐवजी खाद्य गाळायला असते त्यात, अडकतो, ती घाबरून गिरक्या घेते आणि मग तो परांना, अंगाला गुंडाळत जातो. हंपबॅकचं बऱ्याचदा शेपटीच्या मुळाशी किंवा लांब परांना होतं. बुडून लगेच मरतात ते छोटे प्राणी, डॉल्फिन वगैरे. मोठा देवमासा सगळं गिअर, म्हणजे दोर, बोये, पिंजरे असं मासेमारीचं सामान, घेऊनच चालायला लागतो. हवाईला हिवाळ्यात पोचलेल्या हंपबॅकच्या अंगावरचा दोर शोधत गेले तर तो अलास्काच्या मासेमारीच्या पिंजऱ्यांचा निघालाय, म्हणजे अर्धा पॅसिफिक ओलांडून तो ओढत आणलेला. दोर रोज थोडा थोडा मांसात रुततो, ओढण्यात शक्ती जाते, खाणं कमी होतं, जखमेत जंतुसंसर्ग होतो. राइट व्हेल अशा अडकण्याने मरते तेव्हा त्याला सरासरी सहा महिने लागतात असा अभ्यास आहे. सहा महिने. हे वाक्य लिहिताना मला अजूनही थांबावं लागतं.

स्नो कोन नावाच्या मादीचं सांगते. तिचं आधीचं पिल्लू २०२० मध्ये जहाजाच्या धडकेने गेलं. मार्च २०२१ मध्ये ती केप कॉडजवळ तोंडात दोर अडकलेली दिसली. टीमने जाऊन मागचा बराच दोर कापून आखूड केला, पण तोंडात घट्ट रुतलेला निघेना. त्याच अवस्थेत ती दक्षिणेला गेली आणि डिसेंबर २०२१ मध्ये जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळ दिसली तर सोबत नवं पिल्लू. दोर ओढत ओढत तिने गरोदरपण काढलं आणि दूध पण पाजत होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती शेवटची दिसली, पिल्लू नव्हतं, अंगावर आणखी नवा दोर होता, आणि अंगभर त्या केशरी व्हेल-उवा, ज्या आजारी, मंदावलेल्या प्राण्यावर वाढतात. त्यानंतर ती कोणालाच दिसलेली नाही. जगातली सगळ्यात अनुभवी टीम तिच्यापर्यंत पोचली होती हे लक्षात घ्या. म्हणून लाटवेडीताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की सोडवणं करायलाच हवं, एकेक मादी महत्त्वाची आहे, पण खरं काम दोर पाण्यातून कमी करण्याचं आहे.

मंदार_क

मग सरळ अशा ठिकाणी मासेमारीच बंद करा ना कायमची. आणि ती समुद्रात टाकून दिलेली भुताची जाळी, ती आधी काढा.

रापणकर

मंदार दादा, दोन्ही मुद्द्यांवर लिहितो, मी मासेमारीवाल्या घरातला आहे. पहिलं म्हणजे टाकून दिलेली जाळी वाईटच, त्यात वाद नाही, पण मोठे देवमासे जास्त करून चालू गिअरमध्येच अडकतात, म्हणजे आज सकाळी कोणीतरी टाकलेलं आणि उद्या परत काढणार असलेलं. खेकड्याचे नाहीतर शेवंडीचे पिंजरे तळाला असतात, आणि प्रत्येक पिंजऱ्यापासून किंवा पिंजऱ्यांच्या माळेपासून एक दोर सरळ उभा वर बोयापर्यंत येतो. असे लाखो उभे दोर आणि त्यातून देवमाशाची वाट. त्यामुळे समुद्र स्वच्छ करून हा प्रश्न सुटत नाही, रोजच्या वापरात असलेल्या गिअरचाच प्रश्न आहे हा.

दुसरं, मच्छीमाराला शत्रू धरून काही होत नाही. देवमासा जाळ्यात आला की आमचं पण वाटोळं होतं, जाळं फाटतं, हंगाम बुडतो. कॅनडात न्यूफाउंडलंडला जॉन लीन म्हणून प्राध्यापक होते, १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे कॉड माशाच्या मोठ्या सापळ्यांमध्ये हंपबॅक घुसून अडकायचे आणि लोक वैतागलेले असायचे. हा माणूस छोट्या बोटीतून जायचा आणि देवमासा पण सोडवायचा आणि जाळं पण शक्य तेवढं वाचवायचा. म्हणून मच्छीमार स्वतःहून त्याला फोन करायला लागले. पाचशेपेक्षा जास्त देवमासे सोडवले त्याने आणि त्याच्या लोकांनी. जाळं वाचवलं नसतं तर एक फोन आला नसता, हे मी छातीठोकपणे सांगतो. जो हाउलेट पण आमच्यातलाच ना. दोराला ताण कसा येतो, गाठ कुठे बसते, हे मच्छीमाराच्या हाताला कळतं तेवढं दुसऱ्या कोणाला नाही कळत.

आणि उपाय आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियात शेवंडीची मासेमारी वर्षभर सुरू झाली तेव्हा हंपबॅकच्या प्रवासाच्या महिन्यांतही दोर पाण्यात राहायला लागले आणि अडकणं एकदम वाढलं. २०१४ पासून त्यांनी त्या महिन्यांसाठी नियम केले, दोर गरजेपेक्षा लांब नको, बोये कमी, वरचा दोर पृष्ठभागावर लोळायला नको म्हणून वजन लावून सरळ उभा. अडकणं जवळपास ६० टक्क्यांनी खाली आलं आणि धंदा चालूच राहिला. पाकिस्तानात ट्यूनावाल्या बोटींनी जाळं पृष्ठभागाऐवजी साधारण दोन मीटर खाली लावायला सुरुवात केली, तर डॉल्फिन आणि छोटे देवमासे अडकण्याचं प्रमाण खूपच घटलं, ट्यूना पुरेसा मिळत राहिला. काही फार मोठं तंत्रज्ञान नाही त्यात, फक्त जाळं किती खाली ते बदललं.

शुभदा_म

रापणकर दादा, अगदी मनातलं लिहिलंत. यात थोडी भर घालते.

कमकुवत दोराचा एक चांगला अभ्यास झालाय, दोर साधारण ७७० किलोच्या ताणाला तुटेल असा ठेवला तर जीवघेणं अडकणं ७० टक्क्यांच्या आसपास कमी होऊ शकतं असं त्यात निघालं, आणि अमेरिकेत ईशान्येकडे त्यावर नियम पण आलेत. पण मोठ्या व्हेलला चालेल ते पिल्लाला चालेलच असं नाही, पिल्लात तेवढी ताकद कुठून येणार. त्यामुळे मला सगळ्यात जास्त आशा उभा दोरच नसलेल्या गिअरकडून वाटते. यात दोर आणि बोया पिंजऱ्यासोबत तळालाच गुंडाळून ठेवलेला असतो, बोट वर आली की पाण्यातून आवाजाचा सिग्नल पाठवते, मग खालचं कुलूप सुटतं आणि बोया वर येतो. म्हणजे दोर पाण्यात उभा असतो तो फक्त काढायच्या त्या थोड्या मिनिटांपुरता.

रापणकर

हे मी पण वाचलंय आणि ते यायला हवंय, पण दोन अडचणी लिहितो. एक म्हणजे महाग. छोट्या बोटवाल्याला स्वतःच्या खिशातून जमणारं नाही, अमेरिकेत आणि कॅनडात ते वापरायला उसनं देतात म्हणून लोक करून तरी बघतायत. दुसरी अडचण बाहेरच्यांना सुचत नाही. वर बोया नसेल तर दुसऱ्या नाखव्याला कळणार कसं की खाली माझे पिंजरे आहेत? तो त्याच्यावरच स्वतःचे टाकेल, नाहीतर ट्रॉलर सगळं घासून घेऊन जाईल. त्यासाठी प्रत्येकाच्या स्क्रीनवर सगळ्यांचं गिअर दिसायला पाहिजे, कंपनी कुठलीही असो. हे जमलं तर मच्छीमार बंद भागात पण जाऊ शकेल आणि त्याला स्वतःलाच हे गिअर हवंसं वाटेल.

शुभदा_म

हो, आणि बंदीचं म्हणाल मंदार, तर कायमची नाही पण हलती बंदी चालते. कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखातात राइट व्हेल दिसली किंवा पाण्यातल्या मायक्रोफोनवर तिचा आवाज आला की तो भाग १५ दिवस बंद, त्या काळात पुन्हा सापडली तर बऱ्याच ठिकाणी हंगामभर बंद. हलती का हवी ते कॅलिफोर्नियाने दाखवलं. २०१५-१६ मध्ये समुद्र विलक्षण तापला, हंपबॅकचं खाद्य किनाऱ्याजवळ सरकलं, मागोमाग हंपबॅक पण. त्याच वर्षी खेकड्यांमध्ये शेवाळाचं विष सापडल्यामुळे हंगाम पुढे ढकलून वसंतात सुरू केला, म्हणजे नेमका देवमासे आले तेव्हाच. वर्षाला साधारण १० अडकलेले दिसायचे त्या किनाऱ्यावर आकडा ५० च्या आसपास गेला. कोणाचीही वाईट नियत नव्हती, फक्त वेळ आणि जागा एकत्र आल्या. नकाशावर एकदाच आखलेली रेघ समुद्राबरोबर हलत नाही, म्हणून दर आठवड्याला बघून ठरवावं लागतं.

आणि जे वाचतात त्यांच्यावरही हे राहतंच. आता जन्मणाऱ्या उत्तर अटलांटिक राइट व्हेल १९८० च्या सुरुवातीला जन्मलेल्यांपेक्षा पूर्ण वाढल्यावर साधारण एक मीटरने लहान राहतायत, आणि दोर ओढत फिरणं हे त्याचं एक मोठं कारण मानतात. लहान मादीला पिल्लंही कमी होतात. ओमानच्या किनाऱ्यालगतचे अरबी समुद्रातले हंपबॅक तर शंभरच्या आतच असतील असा अंदाज आहे, ते इतर हंपबॅकसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, तिथेच राहतात, आणि त्यांच्याही अंगावर दोराच्या खुणा दिसतात. एवढ्या थोड्यांमध्ये एक मादी गेली की ती भरून निघायला वर्षानुवर्षं लागतात.

लाटवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. स्नो कोनचं वाचून डोळे भरून आले. एक शेवटचं विचारते, मी लवकरच व्हेल बघायच्या बोटीवर जाणार आहे, समजा तिथे असा अडकलेला दिसलाच तर माझ्यासारखीने नक्की काय करायचं?

दर्यावर्दी

ताई, निघायच्या आधी बोटवाल्याला विचारून घ्या की तिथला कळवायचा नंबर कुठला आणि तो फोनमध्ये सेव्ह करा, रेंज गेल्यावर शोधत बसू नका. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असतोच, चॅनल १६ वर कोस्ट गार्डला कळवता येतं. कळवताना अक्षांश-रेखांश, मासा कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चाललाय, किती वेळाने श्वासाला वर येतोय, दोर अंगावर कुठे आहे, बोयाचा रंग काय आणि त्यावर काही नंबर आहे का, एवढं सांगा. रंग किरकोळ वाटतो पण काही ठिकाणी कुठल्या भागातला दोर ते त्याच्या रंगाच्या खुणांवरूनच कळतं. शंभर मीटर तरी लांब राहायला सांगा आणि फोटो झूम करून काढा, शेपटीची खालची बाजू मिळाली तर फारच उत्तम, हंपबॅक त्यावरून ओळखता येतो. आणि जमत असेल तर बोट लांबून त्याच्याबरोबर राहू दे टीम येईपर्यंत, कारण एकदा नजरेआड झाला की एवढ्या समुद्रात तो परत सापडणं फार कठीण असतं. बोटवाल्याला घाई असेल तर निदान दुसरी बोट येईपर्यंत तरी थांबायला लावा.